पाटीवरचा तिसरा

"पाटी तुम्हीच पुसलीत?" साहेबांनी विचारलं.

"पुसली नाही साहेब, घासली," आमचे हे म्हणाले. "छत्तीस वर्षं. रोज."

मी डबा घेऊन दारातच उभी होते. लष्करी संग्रहालयात हे पहारेकरी, पण जीव सगळा घासण्यात. तोफांच्या कड्या, तलवारींच्या मुठी, दारावरची पितळी पाटी, सगळं आरशासारखं. सरकारी पॉलिश यांना पटेना, म्हणून विटेची पूड आणि लिंबू. लोक पितळरावच म्हणायचे. त्या पुडीनं पाटीवरची अक्षरं गिळली, आणि कुणाच्या ध्यानात कधी आलं, तर इमारतीची शंभरी महिन्यावर आल्यावर.

इमारत आधी घोड्यांचा तबेला. भिंतीत कड्या अजून आहेत. लढाई पेटली तशी घोडे बाहेर काढले आणि जखमींच्या खाटा आत आल्या. एके दिवशी त्या इस्पितळाला आग लागली. जखमींना बाहेर काढताना नऊ जण जळून गेले. पुढे इस्पितळ उठलं, तोफा-तलवारी येऊन बसल्या, संग्रहालय झालं. त्या नऊ जणांची नावं पाटीवर होती.

साहेब नवे, पण माणूस वाईट नव्हता. इस्पितळाची जुनी वही उघडून म्हणाले, "यात आठच आहेत. आठ कोरून घेऊ."

"नऊ," हे म्हणाले. "तिसरं नाव आचाऱ्याचं, जुने पहारेकरी सांगायचे. शिपाई नव्हता, म्हणून वहीत नाही."

"पुरावा काय?"

यांनी मान खाली घातली. त्या आचाऱ्याचं नाव साऱ्या जगात एकाच ठिकाणी होतं आणि यांनी ते स्वतःच्या हातानं घासून टाकलं होतं. घरातलं माणूस गेल्यासारखा चेहरा झाला.

मग मी कसली गप्प बसते! माझ्या आवाजाला तीन सुना दचकतात. डबा टेबलावर आपटला.

"मी वाचलीय ती पाटी."

"मावशी, तुम्हाला वाचता येतं?"

"तुमच्याइतकं नाही येत. दोनच यत्ता झाल्यात. पण जोडाक्षरं मी त्या पाटीवर शिकले. नवं लग्न होतं. मी डबा आणायचे, हे पाटीखाली जेवायला बसायचे, मी एकेका अक्षरावर बोट फिरवायचे. चुकले की हे घास हातात धरून थांबायचे. मी नीट वाचेपर्यंत जेवायचे नाहीत. नवऱ्याला काय उपाशी मारायचं? शिकले!"

साहेब हसले, पण हुशार. यांना आतल्या खोलीत कागद-पेन्सिल देऊन बसवलं, स्वतः दुसरा कागद घेतला आणि मला म्हणाले, "सांगा, मी लिहितो." मी डोळे मिटले. बोट आपोआप टेबलावर फिरायला लागलं. हुद्दा, नाव. हुद्दा, नाव. तिसऱ्या ओळीला हुद्दा नाही, नुसतं नाव.

यांचा कागद आला. नऊच्या नऊ ओळी माझ्याशी जुळल्या. आठ वहीशीही जुळल्या. साहेबांनी दोन्ही कागद वहीत ठेवले.

"ठीक आहे, नऊ," ते म्हणाले. "आचाऱ्याला शेवटी घेऊ."

"नाही साहेब." छत्तीस वर्षांत या माणसानं कुठल्याच साहेबाला नाही म्हटलं नव्हतं. "ज्या क्रमानं आगीत शिरले, त्या क्रमानं नावं आहेत. पाटीच्या माथ्यावर तसं लिहिलं होतं. त्याच्यामागून सहा शिपाई गेलेत."

"लिहिलं होतं," मी म्हटलं. साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि 'तिसरा' असं लिहून घेतलं.

कोरणारा कारागीर आला, तो डोकं खाजवत बसला. "बाकीच्यांना हुद्दे आहेत. याच्याआधी काय लावू? का नाव पुढं ओढू?"

"ओढू नको," हे म्हणाले. "जागा तेवढी सोड. नाव रांगेत आलं पाहिजे."

पाटी लागली. आठ हुद्दे आणि नऊ नावं. तिसऱ्या ओळीत आधी बोटभर कोरं पितळ, आणि मग आचारी, शिपायांच्या सरळ रांगेत.