ये म्हणायचं राहिलं

सून बाळंतपणाला माहेरी निघायची होती आणि परत या घरात पाऊल टाकणार नाही म्हणत होती. त्याच आठवड्यात आमच्या घरी व्हिडिओ आला.

मी धुळाप्पा. मुरूमला दूध संस्थेत दूध मोजून घ्यायचं काम करतो. त्या वर्षी दुष्काळ, मोजायला फारसं काही नव्हतं. जनावरं छावणीत उभी होती आणि कॅन अर्धे रिकामेच जायचे. घरात आम्ही तिघं. मी, मुलगा बिभीषण आणि सून अयोध्या. माझी बायको म्हाळसा दिवाळीच्या तोंडावर वारली.

तिचं पोट दुखायचं. सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेव्हा सकाळचा दुधाचा टेम्पो उमरग्याला निघालाच होता. उमरग्यातून सोलापूरची एसटी मिळणार होती, म्हणून त्यात पुढं ड्रायव्हरशेजारी तिला बसवलं, बिभीषण सोबत बसला. मी काम उरकून मागून एसटीनं जाणार होतो. गाडी सुरू झाल्यावर तिनं खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि म्हणाली, "येते."

निघणारा येतो म्हणतो आणि राहणारा ये म्हणतो. एवढंच असतं. पण माझ्या हातात शेवटचा कॅन होता, तो मागं चढवला, आणि तोंड उघडेपर्यंत टेम्पो वळणावर गेला. संध्याकाळी मी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती बोलत नव्हती. नंतरही बोलली नाही.

मी ये म्हणालो असतो म्हणून तिचं दुखणं बरं झालं नसतं, हे मला कळतं. तरी रोज सकाळी कॅन उचलला की तो शब्द तोंडात येऊन बसायचा. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं.

अयोध्या घर सोडते म्हणत होती, त्याचं कारण वेगळं होतं. ती तेरखेड्याची. तिच्या माहेरी फटाके करतात, लहानपणापासून कानाशी बार उडालेले. आवाजाला ती घाबरत नाही, शांततेला घाबरते. म्हाळसा गेल्यावर दुपारी घर रिकामं व्हायचं, मी डेअरीत, बिभीषण कारखान्यावर. दुपारच्या वाऱ्यानं पुढच्या दाराची कडी वाजायची. ती कडी आधीही वाजत होती. पण आता अयोध्या म्हणायची, "आत्याबाई आल्या."

"वारं हाय," बिभीषण म्हणायचा.

"वाऱ्याला बरं रोज आपलंच दार सापडतंय."

म्हाळसाला नातवंडाचं तोंड बघायचं होतं. अयोध्याला दिवस गेल्याचं कळलं आणि महिन्याभरात म्हाळसा गेली. त्यामुळं तिचा जीव या पोटातल्या लेकरात अडकलाय आणि लेकरू घरी आलं की ती बघायला येणार, असं अयोध्याच्या मनानं घेतलं होतं. सासूवर तिची माया होती. पण मायेचं माणूस मेल्यावर दारात उभं राहिलं तर काय करायचं, हे तिला कळत नव्हतं. कारखान्याच्या वसाहतीत एक खोली मिळत होती. बाळंतपण झालं की लेकरू घेऊन सरळ तिकडंच जायचं, असं तिनं बिभीषणला सांगितलं होतं. बिभीषणनं मला सांगितलं. मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार. पण मी या घरात एकटा राहणार आणि नातवंड कारखान्यावर वाढणार, हे काही माझ्या मनातून जात नव्हतं.

तर व्हिडिओ. बिभीषणच्या एका दोस्ताच्या घरी बारसं होतं, त्यासाठी उमरग्याहून रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला होता. बारशाच्या घरी सगळ्यांनी घरगुती, रडायचे पिक्चर बघितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेट परत द्यायचा होता, म्हणून दिवसभरासाठी बिभीषणनं तो आमच्याकडं आणला. बरोबर उरलेल्या तीन कॅसेटी. कुणी न बघितलेल्या. एक हिंदी भुताचा, एक इंग्रजी ताऱ्यावरच्या माणसांचा आणि एक इंग्रजी, रक्त पिणाऱ्याचा.

"पोटुशी बाई घरात हाय आन भुताचं आणलास व्हय?" मी म्हणालो.

"आबा, तिनंच आणा म्हणलंय."

अयोध्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघू तरी, दुसऱ्यांची भुतं कशी असत्यात."

इंग्रजी कळायची पंचाईत होती, म्हणून शेजारच्या शिवशरणला बोलावलं. शिवशरण माझ्या वयाचा. सोलापूरला एका टॉकीजमध्ये दारावर तिकिटं फाडायचं काम त्यानं उभा जन्म केलं. इंग्रजी त्याला येत नाही, पण इंग्रजी पिक्चर येतात. इतके बघितलेत की माणूस दारातून आत आला की पुढं काय करणार ते तो सांगतो.

त्या दिवसांत लाईट दिवसाच यायची. म्हणून भर दिवसा खिडक्यांना घोंगडी लावून अंधार केला. दोन्ही घोंगड्यांची लोकर म्हाळसानं कातलेली होती. अंधारात तो लोकरीचा वास सगळ्या खोलीभर झाला.

आता पिक्चरबद्दल माझं मत सांगतो.

हिंदी भुताचा मला आवडला नाही. पांढऱ्या साडीतली बाई दिवा घेऊन फिरते आणि गाणं म्हणते. तिला मारलंय कुणी, तर त्याच्या घरी जाऊन सरळ सांगावं. ही माळावर, विहिरीवर, झाडाखाली सगळीकडं गाते आणि ज्यानं मारलं तो गादीवर झोपलेला. शिवाय मेल्यावरही साडीला एक डाग नाही. अयोध्या हसत होती.

"आत्याबाईंना गाणं कुठं येत होतं," ती म्हणाली.

"आलं असतं तर आधी मला म्हणली असती, तुमी गप बसा, मला गाऊ द्या," मी म्हणालो. म्हाळसाचं नाव निघून घरात हसू आलं, असं दिवाळीपासून पहिल्यांदा झालं.

ताऱ्यावरचा पिक्चर मला चांगला वाटला. त्यातल्या लोकांच्या ताऱ्यावर पाणी संपलं होतं, म्हणून ती माणसं आगबोटीएवढ्या यंत्रात बसून पृथ्वीवरचं पाणी न्यायला येतात. पत्र्याचा एक माणूस असतो, तो सगळ्यांपेक्षा शहाणा. अंगावर कपडे जाड, डोक्यावर काचेचं भांडं.

"यांना मुरूमला पाठवा म्हणावं," शिवशरण म्हणाला. "बेण्णीतुरा नदीच्या पात्रात उतरा म्हणावं, काय सापडतंय बघू."

"टँकरच्या रांगेत उभे करू," बिभीषण म्हणाला. "भांडं आधीच डोक्यावर हाय."

पण एक गोष्ट मला पटली. पाण्यासाठी इतक्या लांब येणाऱ्याचा राग करता येत नाही. शेवटी ते हरून परत जातात, तेव्हा मला वाईट वाटलं. त्यांच्या घरीही जनावरं असतील.

मग तिसरा लावला.

रक्त पिणारा उंच होता, चेहरा पांढरा, केस चापून बसवलेले, वागायला एकदम सभ्य. मेलेला असतो पण पुरलेल्या पेटीतून उठतो. दिवसा येत नाही, उन्हात त्याची राख होते. आरशात दिसत नाही. ज्याचं रक्त पितो तोही मेल्यावर तसाच होतो. गळ्याला तोंड लावतो आणि सावकाश पितो, जशी आम्ही धार काढतो तसं, घाई नाही.

"गोचीड बरा," बिभीषण म्हणाला. "निदान कोट घालत न्हाय."

मला त्याचं एक वागणं आवडलं. तो दारात येऊन थांबायचा. दार उघडं असलं तरी आत यायचा नाही.

"का थांबलाय?" अयोध्यानं विचारलं.

"त्याला ये म्हणावं लागतंय," शिवशरण म्हणाला. "घरातल्यानं तोंडानं ये म्हणल्याबिगर त्याला उंबरा वलांडता येत न्हाय. या पिक्चरवाल्यांचा कायदाच हाय तसा. मला तर लई आवडला. आमच्या टॉकीजला बिनतिकिटाचे धाड धाड आत घुसायचे, हा मेलेला असून विचारतोय."

अयोध्या हसली नाही. ती टीव्हीकडं सरकून बसली.

पुढं त्यात एक माणूस असतो, त्याची बायको त्या रक्त पिणाऱ्यामुळं मेलेली. ती एकदा त्याच्या दारात येते. अगदी पहिल्यासारखी दिसते. बाहेर उभी राहून काहीतरी म्हणते. शिवशरणनं अर्थ सांगितला नाही, सांगावा लागलाही नाही. तो माणूस खुर्चीतून उठतो, दारापर्यंत जातो. तोंड उघडतो.

मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, हे मला तेव्हाच कळलं. रक्ताचं मला काही वाटलं नसतं.

तो ये म्हणतो. ती आत येते. पुढचं मी बघितलं नाही, खाली जमिनीकडं बघत बसलो.

अयोध्यानं उठून व्हिडिओ थांबवला. चित्र तिथंच थरथरत राहिलं.

"मामा," ती म्हणाली, "आत्याबाई टेम्पोत बसल्या तवा मी दारात हुते. त्या येते म्हणलेल्या मी ऐकलंय. तुमी ये म्हणलाव का?"

बिभीषण म्हणाला, "काय विचारायलीस गं? पिक्चर हाय तो."

"मी मामांना विचारलंय."

तिघं माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडात इतके महिने जो शब्द बसून होता, तोच तिनं नेमका मागितला. खोटं बोलावं असं मनातही आलं नाही.

"न्हाय," मी म्हणालो. "म्हणायचं राहून गेलं. हातात कॅन हुता."

"नंतर? मनात न्हाय, तोंडानं?"

"तोंडानं कधीच न्हाय. म्हणायला कुणी समोर नव्हतं."

अयोध्या खाली बसली. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि एवढा मोठा श्वास सोडला, की बिभीषण पाणी आणायला उठला.

"बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं मामा, तुमी म्हणला न्हाईत ते."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. ज्या गोष्टीचा इतके दिवस भार वाटत होता, तीच कुणाला तरी हवी होती. पाठीवरचं ओझं कुणीतरी मागून येऊन उतरवून घ्यावं आणि वर म्हणावं, याचीच तर गरज होती, तसं झालं. पण लगेच दुसरं मनात आलं. म्हणजे आता म्हाळसाला हे दार बंद.

शिवशरण मघापासून काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तोंड मिटलं.

राहिलेला पिक्चर आम्ही बघितला. शेवटी सकाळ होते आणि रक्त पिणारा उन्हात सापडतो. बिभीषणनं उठून खिडकीचं घोंगडं ओढलं, तसं चैत्रातलं ऊन खोलीत शिरलं. टीव्हीत काही दिसेना.

"ह्यो इथं आला तर अर्धा दिवस टिकायचा न्हाय," बिभीषण म्हणाला.

"बसस्टँडपासून घरापतूरच राख व्हईल," अयोध्या म्हणाली. मग चहा टाकायला गेली. आत भांड्यांचा आवाज मोकळा येत होता.

मी आणि शिवशरण बाहेर ओट्यावर बसलो.

"आता बोल," मी हळूच म्हणालो.

"घरधनिणीला कोण ये म्हणतंय गा?" शिवशरण म्हणाला. "म्या इतकी वर्षं दारावर हुतो. मालकाच्या बायकोला कधी तिकीट इचारलं न्हाय. तिचं घर, ती कवाबी येईल, कवाबी जाईल. ये म्हणायचं काम परक्याला."

"गप."

"गपच हाय म्या. तुला म्हणून सांगितलं."

आतून अयोध्या म्हणाली, "काय कुजबुज चाललीय?"

"साखर जास्ती टाक म्हणतोय," शिवशरण म्हणाला.

मला लई हलकं वाटलं. म्हाळसा माझ्या ये म्हणण्यासाठी वळणावर थांबून राहिली असेल, असं मला इतके महिने वाटत होतं. शिवशरणनं ते एका वाक्यात काढून टाकलं. तिनं ये ऐकायला थांबायचं कारणच नव्हतं. मी ये म्हटल्याशिवाय ती पाणवठ्यावरून, शेतावरून, बाजारातून जन्मभर घरी आलीच होती की. अयोध्याला वाटलं तिला येता येणार नाही, आणि मला कळलं तिला कुणाला विचारायची गरज नाही. एकाच पिक्चरनं आम्हा दोघांची दोन कामं केली. असा पिक्चर चांगलाच म्हटला पाहिजे.

दोन दिवसांनी अयोध्या तेरखेड्याला निघाली. एसटीच्या खिडकीतून म्हणाली, "मामा, येते."

मी आधीपासून तयारच होतो. गाडी हलायच्या आत म्हणालो, "ये." एवढ्या मोठ्यानं म्हणालो की कंडक्टरनं वळून बघितलं.

ज्येष्ठात तिला मुलगी झाली. कारखान्यावरची खोली बिभीषणनं दुसऱ्याला घेऊ दिली. सव्वा महिना झाल्यावर तो बायकोला आणि लेकीला आणायला गेला. ती तिघं आली तेव्हा उन्हं उतरायला आली होती. बिभीषण पिशव्या काढत रिक्षाशीच राहिला. शेजारच्या बाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. तरी अयोध्या लेकरू घेऊन उंबऱ्याबाहेरच उभी.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हणा की," ती म्हणाली. "तुमी म्हणल्याबिगर कशी येऊ?"

ती हसत होती. मी दाराच्या दोन्ही फळ्या मागं सारल्या आणि म्हणालो, "या."

सुनेला कुणी या म्हणत नाही. तिच्या ते लगेच ध्यानात आलं. तिनं एकदा मागं वळून बघितलं. मागं रस्ता होता आणि रस्त्यावर ऊन.

"मला कधीपासून या म्हणायलाव, मामा?"

"दोघी हाव की तुमी," मी म्हणालो.

तिनं कुशीतल्या पोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि उजवा पाय आत टाकला. मी जरा वेळ दार तसंच धरून उभा राहिलो. मग लोटलं. वाऱ्यानं कडी वाजली, नेहमीसारखी.

अयोध्या आतून म्हणाली, "मामा, त्या कडीला कायतरी चिंधी बांधा. पोरगी झोपायची न्हाय."