फोरमनची गाडी

मोटारींच्या कारखान्याला मदत द्यायची की नाही, ते ठरवायला आलेल्या सरकारी साहेबांनी अंगणात ओळीने उभ्या असलेल्या चकचकीत गाड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नव्याचे नऊ दिवस, म्हणाले, कुणीतरी वर्षानुवर्षं वापरलेली गाडी दाखवा.

झालं! सगळ्यांची बोटं फोरमनच्या गाडीकडे वळली. याच कारखान्यात बनलेली, रोज घाट चढून येणारी आणि कधी म्हणून बंद न पडलेली. त्याचे भाऊजी, बहिणीचा नवरा हो, पंपखात्यात इंजिनाला पेट्रोल पुरवणारे फ्युएल पंप बनवायचे. ते तर छाती फुगवून पुढे झाले.

फोरमनने किल्ली खिशात आणखी खोल ढकलली. त्या गाडीत पंप परदेशी होता. कंपनीचा पंप चढावर दगा देतो म्हणून त्याने तो गुपचूप बसवला होता. कामगाराच्या गाडीत बाहेरचा भाग सापडला तर नोकरी जायची, आणि भाऊजींना काय तोंड दाखवायचं? बरं, नको म्हणावं तर साहेबांना संशय येणार. परदेशी गाड्यांनी बाजार खाल्ला होता. पंपखात्याच्या नव्या यंत्रांसाठी सरकारने मदत केली, तरच कारखाना तगणार होता.

शेवटी किल्ली दिली त्याने. साहेब स्वतः चालवायला बसले, फोरमन शेजारी, भाऊजी मागे. घाटातल्या प्रत्येक वळणावर फोरमनला वाटे, आता साहेब थांबून बॉनेट उघडायला सांगणार. गाडी मात्र गुमान चढली आणि उतरलीही. मेली, गुणाची खरी!

कारखान्याच्या फाटकात उतरताच साहेब खुशीत म्हणाले, "पंप झकास आहे तुमचा. मग नवी यंत्रं कशाला हवीत? मदतीची गरज दिसत नाही."

फाटकात वाट बघत उभ्या असलेल्या मॅनेजरचा चेहरा पडला. भाऊजी गोंधळून एकदा साहेबांकडे, एकदा गाडीकडे बघत राहिले. गप्प बसलं तर फोरमनची नोकरी वाचत होती, पण किती दिवस? कारखानाच बुडाला तर कसली नोकरी नि कसलं काय!

त्याने वाकून बॉनेट उघडलं.

"साहेब, हा पंप आमचा नाही. आमचा लावला असता तर आपण अजून घाटातच असतो. म्हणून तर यंत्रं मागतोय."

साहेब वाकून बघत राहिले. मॅनेजरने फोरमनकडे कारखान्याचं ओळखपत्र मागितलं. त्याने ते काढून दिलं. मग भाऊजींकडे बघायचा धीर केला.

भाऊजी पंपावरून बोट फिरवत होते.

"मला आधी दाखवायचास रे," ते म्हणाले. "मी शिकलो असतो."