उघडे तळवे

बेगायमच्या रक्तातला कॅन्सर गेला तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिच्या बापाने, तोलोनने, किरगिझ रीतीप्रमाणे दारची एकुलती एक घोडी कापून अख्खं गाव जेवू घातलं. जेवणं उरकल्यावर म्हाताऱ्यांनी तळवे वर करून आशीर्वाद दिला, "या पोरीचे पाय पुन्हा इस्पितळाच्या रस्त्याला न लागोत." सगळ्यांनी 'आमीन' म्हणत तोंडावरून हात फिरवले. झालं, तोलोनने ते गाठीला बांधलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बिचाऱ्या सांगून थकल्या, औषधं कडक होती, पुढेमागे हृदयावर उठतात, दरवर्षी दाखवायला आणा. पण ऐकेल तो तोलोन कसला! देवाने दिलेलं परत तपासून बघायचं म्हणजे देवावरच संशय, असं त्याचं म्हणणं.

यंदा कुरणावर चढताना मेंढ्या पुढे निघून गेल्या आणि चोवीस वर्षांची बेगायम धापा टाकत खडकावर बसून राहिली. मावशीकडे जाते असं सांगून ती राजधानीला, बिश्केकच्या त्या इस्पितळात गेली.

डॉक्टरीणबाई त्याच, केस तेवढे पिकलेले. छातीवर यंत्र फिरवून त्यांनी पडद्यावरचं चित्र दोनदा तपासलं.

"हृदय थकलंय गं. पाच-सहा वर्षं आधी आली असतीस तर सावरता आलं असतं. आता गोळ्या चालू करू, पण दर तीन महिन्यांनी यायचं. आणि लग्न झालं तर मुलाचा विचार मला विचारल्याशिवाय करायचा नाही."

"बरं," बेगायम म्हणाली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. बसमध्ये शेजारणीने दिलेलं सफरचंद तिने खाल्लं. चव लागली नाही.

घरी तोलोन चहा घेऊन बसला होता. हातातली औषधांची पिशवी त्याने पाहिली.

"मावशीने दवाखाना काढला वाटतं?"

तिने सगळं सांगितलं. तोलोनने चहाची वाटी खाली ठेवली.

"आधी गेली असतीस तर?" त्याचा आवाज एवढासा झाला होता.

घोडी कापल्यापासून हा माणूस मेंढ्यांमागे पायीच हिंडत होता.

"काही फरक पडला नसता, बाबा."

त्याने श्वास सोडला आणि सवयीने तळवे वर केले. "पुन्हा त्या रस्त्याला पाय न लागोत."

बेगायमनेही तळवे धरले होते, पण ते तिने तोंडावरून फिरवले नाहीत.

"तीन महिन्यांनी परत जायचंय, बाबा. जन्मभर जायचंय. दुसरं काहीतरी मागा."

चहा निवला तरी तोलोनला दुसरं काही सुचेना. ती हात तसेच धरून बसून राहिली.