तळ्याचा गळा

आमच्याकडे, उत्तरेच्या या बर्फाळ मुलखात, पाहुणा आला की त्याला कॉफी देतात आणि मग दोघं मिळून गप्प बसतात. जितका वेळ गप्प, तितका पाहुणचार चांगला. अशा देशात आपल्याला शांतता सोसत नाही, ही गोष्ट तौनोनं कित्येक वर्षं चारचौघांपासून एखाद्या व्यसनासारखी लपवली होती.

तुर्कू शहरातल्या जहाजांच्या कारखान्यात त्यानं जन्मभर लोखंडावर हातोडे घातले. हातोडा थांबला, कान मात्र निवृत्त व्हायला तयार नव्हते. दोन्हीत बारीक, अखंड शिट्टी. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "ती जायची नाही. तिच्याशी भांडू नका. जुन्या भाडेकरूसारखी राहू द्या. फक्त अगदी सामसूम जागी बसू नका." म्हणून खोलीत पंखा, स्वयंपाकघरात रेडिओ. तसं बरं चाललं होतं.

पण त्याच्या बायकोला, इर्याला, आता हिवाळे माहेरच्या तळ्याकाठी, लाकडी घरात काढायचे होते. तौनोनं ते घर उन्हाळ्यातच पाहिलेलं. तेव्हा डास असत, होड्या असत, बर्चच्या झाडांची पानं सळसळत. हिवाळ्यात तिथं काहीच नसतं. ठरलं असं, की हा आठवडा तौनोला जमला तर राहायचं. नाही तर घर इर्याच्या धाकट्या बहिणीला, कारीनाला देऊन टाकायचं.

घरात वीज नव्हती. तौनोनं बॅटरीवरचा पंखा आणला.

"उणे अठरात पंखा!" इर्या म्हणाली. "कारीनाला कळू देऊ नकोस, गावभर करेल."

"वाऱ्यासाठी नाही आणला."

"माहीत आहे रे, म्हाताऱ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरीनं गारठून मान टाकली. शिट्टी अशी उसळली की तौनोला कॉफीची चव लागेना. तो उठला आणि चालत सुटला, थेट गोठलेल्या तळ्यावर. बर्फ नवा, काळा, काचेसारखा, पार मधल्या बेटापर्यंत.

तेवढ्यात पायाखालून एक स्वर निघाला. ताणलेली तार छेडावी तसा. उंचावरून घसरत तो पार पलीकडच्या काठाला गेला आणि परत आला. मागोमाग पोटात घुमणारा एक खर्ज.

तौनो जागीच खिळला. इर्या मागून शाल गुंडाळत येत होती.

"सामान बांध," तो कसाबसा म्हणाला. "कान पुरते गेले. आता आत देवमासे ओरडतायत."

"बेटाकडून आला ना?"

"काय?"

"आवाज. बेटाकडून इकडे."

"तुला... तुलाही आला?"

"बर्फ गातोय, वेड्या! थंडी वाढली की तळं अंग ताणतं."

तौनोनं टोपी काढली. चर्चमध्येसुद्धा तो ती कुणी कोपर मारल्याशिवाय काढत नसे. मग तो सरळ आडवा झाला आणि बर्फाला कान लावला.

खालून तळं गात होतं. एका काठाला सूर लागे, दुसऱ्या काठाला विरे, मध्येच मैलभर लांब भेग कडाडत जाई. शिट्टी होती, गेली नव्हती. पण त्या अवाढव्य गळ्यापुढे ती मैफलीत घुसलेल्या डासाएवढी. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, तो जे ऐकत होता ते शेजारचं माणूसही ऐकत होतं.

"कान चिकटेल बर्फाला," इर्या म्हणाली.

"चिकटू दे."

"मग कारीनाला काय कळवू?"

"बर्फ वितळेपर्यंत मी इथून हलत नाही म्हणून कळव," तौनो म्हणाला. "आणि आता जरा गप्प बस. ऐकू दे."