दोघांनी ओतायचा ड्रम

ताईचं काम शनिवारी जाणार होतं, आणि तिच्या सख्ख्या भावाला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

भावाचं खरं नाव कारखान्यात कुणालाच आठवत नसे. कामाच्या पहिल्याच दिवशी ताईनं चारचौघांत त्याला "अरे ठोंब्या, इकडे ये," अशी हाक मारली, आणि अकरा वर्षांनी, दोन लेकरांचा बाप होऊनही तो ठोंब्याच राहिला. कारखाना चिकटणाऱ्या लेबलांचा. मागच्या खोलीत ताई रबराच्या चिकाचा, पाण्यात कालवलेला पांढरा गोंद तयार करायची आणि पुढच्या हॉलमध्ये ठोंब्या मशीनवर तो लावायचा. मशीनखाली लांबट ट्रे, ट्रेमधल्या गोंदात अर्धा बुडालेला रोलर, रोलरवरून पळणारी फिल्म, एवढाच सगळा मामला. पण गोंदात फेस आला की सगळं मुसळ केरात. बुडबुडा फिल्मवर जातो, वाळताना फुटतो, आणि तिथे टाचणीच्या डोक्याएवढी कोरडी जागा राहते. कामगार तिला 'डोळा' म्हणायचे.

पूर्वी लेबलं कागदाची होती, तेव्हा झाकली मूठ होती. कागदावर डोळे दिसत नसत. दोन महिन्यांपूर्वी नवं गिऱ्हाईक आलं, त्याला पारदर्शक फिल्म हवी होती, आणि एकेक डोळा उजेडात आला. दोनदा सगळा माल परत आला. सुपरवायझरला सगळे घड्याळसाहेब म्हणत, कारण मनगटावर घड्याळ असूनही तो दुसऱ्यांना वेळ विचारायचा. त्यानं सोमवारी जाहीर केलं, शनिवारी शेवटची चाचणी. डोळे निघाले तर मिक्सिंगची खोली बंद, गोंद बाहेरून तयार येईल.

"मग ताईंचं काय?" कुणीतरी विचारलं.

"ताईंचं बघू."

'बघू' म्हणजे काय, हे बावन्न वर्षांच्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. ठोंब्या तेव्हा रोलर पुसत होता. त्यानं ऐकलं आणि पुसत राहिला.

आठ महिन्यांपूर्वी त्यांची आई गेली. तीन आठवडे दवाखान्यात होती, शेवटी नुसती यंत्रावर. यंत्र काढायच्या कागदावर सही ठोंब्यानं केली. ताई तेव्हा आंघोळीला म्हणून घरी गेली होती. ती परत आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. खाटेकडे बघत ती एवढंच म्हणाली, "माझी वाट बघायची होतीस. एक तास."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तोही तिच्याशी बोलला नाही. तो रडलाही नाही. बायको म्हणायची, एकदा रडून घ्या, मोकळं व्हा. पण रडू काय नळाला आहे, की चावी फिरवली आणि आलं? जेवण पुढ्यात आलं की तो जेवायचा, पोरं हसली की तोंड हसरं करायचा. आत मात्र सगळं भुलीचं इंजेक्शन दिल्यासारखं बधिर होतं. कारखान्यातल्या लोकांना वाटलं, ताईनं अबोला धरलाय. ठोंब्यालाही तसंच वाटत होतं.

बुधवारी औषधवाला आला. फेस मारायचं औषध विकणारी एक कंपनी होती, तिचा माणूस. त्यानं ट्रेमध्ये थेंब टाकले, फेस बसला, आणि तो खुशीत आला. पण फिल्म वाळून बाहेर आली तेव्हा तिच्यावर पहिल्यापेक्षा मोठे डोळे होते, कडा उचललेले, अगदी गोल. त्यानं पुन्हा बाटली उघडली. तेवढ्यात ताई मागच्या खोलीतून आली, त्याच्या हातातून बाटली घेतली आणि झाकण लावलं.

"पुरे करा. औषध जास्त झालं की गोंद फिल्मवरून मागे सरतो. हे डोळे फेसाचे नाहीत, तुमचे आहेत."

मग तिनं काचेच्या ग्लासात ताजा गोंद आणून घड्याळसाहेबापुढे धरला. "मिक्सरचा पंखा हळू फिरवलाय, तासभर झाकून ठेवलाय. माझ्याकडून निघतो तो असा निघतो. बघा, आहे एक तरी बुडबुडा?"

नव्हता. घड्याळसाहेबानं ग्लास उजेडात फिरवून बघितला. "मग हॉलमध्ये येईपर्यंत फेस काय आभाळातून पडतो?"

 ताई ग्लास घेऊन आत गेली. बोलायला धाड भरलीय का, असं औषधवाला पुटपुटला.

गुरुवारी मालाची वाट बघत एक ट्रक ड्रायव्हर हॉलमध्ये रेंगाळत होता. ठोंब्यानं गोंदाचा ड्रम स्टुलावर चढवला होता आणि गुडघा लावून तो ट्रेमध्ये उपडा करत होता. "एकट्यानं कशाला मरताय?" म्हणत ड्रायव्हरनं ड्रमचं बूड दोन्ही हातांनी उचलून धरलं. ड्रमचं तोंड ट्रेच्या काठाला टेकलं, आणि गोंद काठावरून आवाज न करता खाली उतरला. त्यानंतर अर्धा तास फिल्म स्वच्छ निघाली. एकसुद्धा डोळा नाही. पुढचा ड्रम ठोंब्यानं एकट्यानं ओतला. गळगळ आवाज झाला, ट्रेवर साय धरावी तसा फेस आला, आणि फिल्मवर डोळे.

ठोंब्याला कळलं. दहा वर्षं हा ड्रम दोघांनी ओतला होता. ताई ट्रॉली घेऊन यायची, बूड धरायची, तो तोंड काठाला लावायचा. "बारीक, बारीक," ती म्हणायची, आणि ओतता ओतता आईच्या गोळ्यांचं, पोरांच्या शाळेचं, घरात संपलेल्या साखरेचं बोलणं व्हायचं. आई गेल्यापासून ती ट्रॉली हॉलच्या जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यापाशी ठेवून मागे फिरायची. एकटा माणूस ड्रम ओतणार तो असाच, वरून, हवा गिळत. फेस ताईच्या खोलीत नव्हताच.

तरी तो गप्प राहिला. सांगितलं तर आपलं काम जाईल, हे एक. पण खरं कारण दुसरं होतं. ताई गेली तर रोज ती पाठमोरी जाताना दिसणार नाही, असं त्याच्या मनात आलं होतं. ज्या बहिणीनं बोटाला धरून कामावर आणलं तिच्याविषयी हा विचार, आणि त्याला त्याची लाजसुद्धा वाटली नाही. शुक्रवार तसाच गेला.

शनिवारी घड्याळसाहेब मशीनपाशी खुर्ची टाकून बसला. ताईनं पट्ट्यापाशी ट्रॉली आणून ठेवली. आज तिनं हात आधीच धुतलेले दिसत होते, आणि एरवी मिक्सरजवळच्या खिळ्याला लटकणारा एप्रन घडी घालून काखेत धरला होता. ती निघायच्या तयारीनंच आली होती. ती वळली.

"ताई, थांब," ठोंब्या म्हणाला. आठ महिन्यांनी त्याचा आवाज तिच्यासाठी निघाला. "बुडाला धर."

 तिनं एप्रन खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि बूड धरलं.  गोंद काठावरून उतरला, ट्रे भरला, रोलर फिरला. पाऊण तासानं घड्याळसाहेब फिल्म दिव्यापुढे धरून वाकून वाकून बघत होता आणि त्याला काहीच सापडत नव्हतं.

"आज काय वेगळं केलं?"

"आठ महिने मी एकटाच ओतत होतो," ठोंब्या म्हणाला. "फेस माझ्यामुळे होता. ताईचा गोंद चांगलाच होता."

घड्याळसाहेबानं दोघांकडे बघितलं. "तुमची भांडणं घरी ठेवा," तो म्हणाला. "खोली राहू दे. तुझ्याबद्दल सोमवारी बोलू." तो ऑफिसकडे निघून गेला.

दुसरा ड्रम यायचा होता, पण ताई हलली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. ओतल्याचा आवाज आत येतो."

"मग बोलली का नाहीस? तुझं काम जात होतं."

"एकदा तुला बोलले. त्याचं काय झालं ते आठ महिने बघतेय. परत तुझी चूक काढायला माझी जीभ वळेना." तिनं पदरानं हात पुसले, ते कोरडेच होते. "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या दिवशी मी आंघोळ करून टेकले आणि मला झोप लागली. एक तास म्हणून गेले, तीन तासांनी आले. कुणाला सांगितलं नाही मी." तिचा आवाज खाली गेला. "तू थांबला होतास का रे? माझ्यासाठी?"

तो थांबला होता. डॉक्टर दोनदा येऊन गेले, म्हणाले, त्यांना त्रास होतोय, आता ताणू नका. बहीण येतेय, दोनदा त्यानं सांगितलं. तिला फोन लावला तर तो खाटेखाली तिच्याच पिशवीत वाजला. मग दोन तास तो दाराकडे बघत आईचा हात धरून बसला, आणि आई तळमळत राहिली. शेवटी सही केली. ताई आली तेव्हा तिच्या गालावर उशीचा वळ होता. त्यानं तो बघितला होता.

"नाही," तो म्हणाला. "डॉक्टरांनी विचारलं आणि मी लगेच सही केली. तू पळत आली असतीस तरी आई भेटली नसती."

ताईनं डोळे मिटून घेतले आणि लांब श्वास सोडला. तिचे खांदे सैल झालेले त्याला दिसले. "गाढवा," ती म्हणाली, "थोडं तरी थांबायचंस." आणि त्याच्या दंडाला धरून ती रडायला लागली.

"चुकलं, ताई," तो म्हणाला. तिच्या बोटांची पकड दंडाला दुखत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्याला काही दुखत होतं, आणि तिनं हात काढू नये असं त्याला वाटत होतं.