जमिनीखालचं कोण बघतं

माझ्या दुकानात तीन खुर्च्या आहेत. दोन कारागीर आहेत, दोघेही माझ्याहून तरुण आणि हाताने माझ्याहून सफाईदार. तरी गिऱ्हाईक माझ्याच खुर्चीसाठी ताटकळत बसतं. त्याला कारण माझा हात नाही, माझं तोंड आहे. चाळीस वर्षं मी या गावाची हजामत करतोय आणि गावाच्या पुढाऱ्यांची बिनपाण्याने.

विषयांना तोटा कधी पडलाच नाही. चौकात घड्याळाचा मनोरा बांधला, त्याच्या चार बाजूंना चार वेगवेगळ्या वेळा दिसतात. मी म्हणायचो, सोय बघा केवढी केलीय, माणूस कुठल्या ना कुठल्या बाजूने वेळेवर पोचतोच. मैदानाला कुंपण घातलं. कुंपण चोरीला जाऊ नये म्हणून राखणदार नेमला. राखणदाराला खोली हवी म्हणून मैदानातच खोली बांधली, आणि मग मुलांना खेळायला जागा उरली नाही. हे मी रचलेलं नव्हतं, हे खरंच झालं होतं. लोक पोट धरून हसायचे आणि उठताना म्हणायचे, सगळे एकाच माळेचे मणी. मीही तेच म्हणायचो.

अशात माझी मुलगी नगरपालिकेवर निवडून आली.

ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे सगळा वॉर्ड तिला 'बाई' म्हणतो. उभी राहते म्हणाली तेव्हा मी म्हणालो, "चांगल्या घरच्या माणसाने या भानगडीत पडू नये." ती म्हणाली, "चांगल्या घरची माणसं पडली नाहीत म्हणूनच ही वेळ आलीय ना, बाबा?" यावर मला दुकानात शंभर उत्तरं सुचली असती. पण घरात आम्ही दोघंच होतो. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली.

दीड वर्ष मी तिला जवळून बघितलं. नगरपालिकेची गाडी दारात यायची आणि ही चालत जायची, दहा मिनिटांच्या रस्त्याला गाडी कशाला म्हणून. एकदा रस्त्याच्या कंत्राटदाराने घरी मोठं खोकं पाठवलं. मी उघडलं, तर आत कोरा मिक्सर. आमचा महिनाभर बंद होता, म्हणून मी लावून बघितलासुद्धा. संध्याकाळी ती आली. तिने भांडं धुतलं, पुसलं, वायर गुंडाळली, सगळं होतं तसं खोक्यात भरलं आणि खोकं काखोटीला मारून त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात ठेवून आली. परत आली तेव्हा घामाने निथळत होती. "पुढच्या वेळी खोकं उघडू नका, बाबा," एवढंच म्हणाली. "परत बांधायला फार त्रास होतो."

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय त्यात? प्रामाणिक माणसावर कुणी हसत नाही, आणि हसण्याशिवाय माझ्या दुकानात दुसरं काही चालत नाही.

आमच्या मागच्या गल्लीतली पाण्याची पाइप माझ्या वडिलांच्या काळातली. गंजून तिची चाळण झालीय. नळ सोडला की आधी तांबडं पाणी येतं, मग वासाचं, आणि जरा बरं यायला लागलं की जातं. गल्लीतल्या इस्त्रीवालीची नात त्या पाण्याने पंधरा दिवस दवाखान्यात होती. मुलीने पहिल्या दिवसापासून एकच धोशा लावला होता, पाइप बदला. दीड वर्ष तिला सांगितलं गेलं की पैसे नाहीत. मग पैसे आले आणि नगरपालिकेच्या अध्यक्षांनी त्यातून चौकात कारंजं बसवायचं ठरवलं. रंगीत दिव्यांचं, गाण्याच्या तालावर नाचणारं. ज्या गावात नळाला पाणी नाही त्या गावात!

आमच्याकडे एक नियम आहे. मोठा खर्च असला तर वॉर्डात सुनावणी घ्यावी लागते, आणि हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी विरोधात हात वर केले तर तो खर्च बारगळतो. नियम जुना होता, पण सुनावणीला कधी काळं कुत्रंही जात नसे. मुलीने तो शोधून काढला. दोन महिने ती आणि इस्त्रीवाली दारोदार हिंडल्या. संध्याकाळी घरी आली की चपला काढता काढता मला सांगायची, "आज अकरा घरं झाली, बाबा. नऊ जण येतो म्हणाले." तिच्या आवाजात असा उत्साह मी ती दहावी पास झाली तेव्हा ऐकला होता.

सुनावणीला आठवडा उरला होता. सकाळची वेळ, दुकान भरलेलं. खुर्चीत औषधवाला होता, तोंडभर फेस. त्याने विचारलं, "काका, बाईंचा कारंज्याला एवढा विरोध का हो?"

माझी एक सवय आहे. दाढी करताना मोठं वाक्य येणार असलं की मी वस्तरा गालावरून उचलून हवेत धरतो, नाहीतर हसताना गिऱ्हाइकाचा गाल कापायचा. लोकांना ते ठाऊक आहे. वस्तरा वर गेला की दुकान गप्प होतं.

मी वस्तरा उचलला आणि म्हणालो, "अरे, कारंजं पडलं जमिनीच्या वर. त्यात किती खाल्लं ते गावाला दिसतं. पाइप जाते मातीत. जमिनीखालचं कोण बघतं?"

दुकान दणाणून गेलं. औषधवाल्याचा फेस माझ्या शर्टावर उडाला. एक कारागीर तर कात्री ठेवून खालीच बसला. इतका हशा मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

मला मिक्सर माहीत होता. दारातून रिकामी परत जाणारी गाडी माहीत होती. सगळं माहीत असून मी बोललो, कारण वाक्य चांगलं होतं. याहून मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही, आणि मी पुष्कळ शोधलंय.

हसण्याला पाय फुटतात. दुपारपर्यंत ते वाक्य भाजीबाजारात होतं, दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी माणसाने तेच मला ऐकवलं आणि वर म्हणाला, "खुद्द तिचा बाप सांगतोय, म्हणजे विचार करा." चौथ्या दिवशी इस्त्रीवाली दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"काका, तुम्ही म्हणालात ते खरं आहे का?"

"अहो, गंमत केली मी."

"गंमत कळते मला. पण बापाला काहीतरी माहीत असल्याशिवाय तो पोरीबद्दल असं बोलेल का? लोक मला विचारतायत. मी दोन महिने बाईंबरोबर फिरले, आता म्हणतात तुझा किती वाटा." तिचे डोळे भरले होते. "माझी नात आजारी पडली म्हणून फिरले हो मी."

मी काहीतरी पुटपुटलो. ती ऐकून न घेताच गेली.

त्या संध्याकाळी मुलगी घरी आली, चपला काढल्या, पण घरं किती झाली ते सांगितलं नाही. जेवायला बसलो. तिने विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

"अगं, सहज बोलून गेलो. गंमत होती."

"गंमत होती ते मला कळलं. मी विचारतेय, तुम्हाला तसं वाटतं का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? मला एक क्षण लागला. चाळीस वर्षांची सवय असते, कुणा पुढाऱ्याचं नाव निघालं की मन आपोआप चाचपून बघतं, याने कुठे हात मारला असेल? तेवढं चाचपून झालं आणि मग मी म्हणालो, "नाही गं, छे!" पण तो क्षण तिने पाहिला होता. तिने ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं. अर्धं जेवण तसंच होतं त्यात.

मी रात्रभर स्वतःला शिव्या घातल्या आणि ठरवलं, ज्या तोंडाने घाण केली त्याच तोंडाने निस्तरायची. सुनावणीत सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं.

रविवारी सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत सुनावणी भरली. जिथे मुलगी बारा वर्षं गणित शिकवायची तीच शाळा. बाकं भरून लोक भिंतीला टेकून उभे होते. पुढे टेबलामागे अध्यक्ष, एक कारकून आणि कडेला माझी मुलगी. ती आधी बोलली. गल्लीचा नकाशा दाखवला, पाइप कुठे कुठे फुटलीय त्या जागा दाखवल्या, पाण्याच्या तपासणीचा कागद वाचला. लोक ऐकत होते, पण मी त्यांची तोंडं बघत होतो. चाळीस वर्षं मी हीच तोंडं आरशात बघत आलोय. त्यांना ऐकू येत होतं आणि काहीही पटत नव्हतं.

मग अध्यक्ष उठले. गोड माणूस, आवाज कधी चढवत नाही. म्हणाले, "आमच्यात दोष असतील. पण निदान आमचं कारंजं जमिनीच्या वर आहे." सगळी खोली हसली. "हे माझं म्हणणं नाही बरं का, आमच्या बाईंच्या वडिलांचं आहे."

मी उभा राहिलो.

मी उभा राहिलो तशी खोली खुलली. बाकांवर माणसं सरसावून बसली, मागून कुणीतरी शिट्टी मारली. "काका, होऊन जाऊ द्या!"

"मी हिचा बाप," मी म्हणालो. "माझ्या मुलीने आजवर कुणाचा एक पैसा खाल्लेला नाही."

पुढे मला मिक्सरचं सांगायचं होतं, गाडीचं सांगायचं होतं. घरून पाठ करून आलो होतो. पण टेबलामागून ती माझ्याकडे बघत होती आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. जरा थांबा, सांगतो, म्हणून मी हात वर केला.

खोली एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्याची मला चांगली ओळख होती. पहिल्या बाकावर औषधवाल्याच्या ओठांवर हसू येऊन थांबलं होतं.

"पुढे, काका?" कुणीतरी विचारलं.

"पुढे काही नाही," मी म्हणालो. "एवढंच आहे."

छप्पर उडेल असे लोक हसले. औषधवाला डोळे पुसायला लागला. मी ओरडलो, "अरे, हसता काय, खरं सांगतोय! घरी आलेला मिक्सर धुऊन पुसून परत केला तिने!" ते तर कुणाला आवरेनाच. कारकुनाने तोंडासमोर कागद धरला. मी जितका जीव तोडून सांगत होतो तितका हशा वाढत होता. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांचं माझ्यावर प्रेम होतं. पुढारी प्रामाणिक आहे हे वाक्य ऐकलं की हसायचं असतं, हे त्यांना शिकवलं कुणी? मीच.

"बसा, बाबा," मुलगी माइकमधून म्हणाली. हळू आवाजात, वर्गात दमलेल्या पोराला सांगावं तसं. मी बसलो.

विरोधात हात वर करायला सांगितलं तेव्हा मी मान वळवून मागे बघितलं. शे-सव्वाशे माणसांत वीसेक हात. इस्त्रीवालीचा हात अर्धा वर गेला, तिने आजूबाजूला पाहिलं आणि त्याच हाताने केस सारखे केले. कारकुनाने आकडा लिहून घेतला. कारंजं मंजूर झालं.

आम्ही दोघं चालत घरी निघालो. तिच्या हातात नकाशाची गुंडाळी होती. मागच्या गल्लीत बायका नळाशी भांडी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पाणी आलं का ते बघायला वळल्या.

घराच्या कोपऱ्यावर मला राहवेना. "पोरी, मी आज एक शब्दही गमतीने बोललो नाही गं," मी म्हणालो. "लोकांचं जाऊ दे, त्यांना काय कळतंय. तुला तरी कळलं ना?"

ती थांबली. माझा शर्ट खांद्यावर सुरकुतला होता, तो तिने हाताने सारखा केला.

"आता कळलं, बाबा," ती म्हणाली. "पण तिथे तुम्ही मध्येच थांबलात ना, तेव्हा मलासुद्धा वाटलं, आता हे पुढे काहीतरी बोलणार."