सोमवारी चावणारी शेगडी

कळसाडीत विजेची शेगडी आली ती बन्सीलाल पाटलाच्या हौसेपायी. ही गोष्ट सदतीस-अडतीस सालची. गावात विजेचा खांब नव्हता, पण पाटलाच्या विहिरीवर ऑइल इंजन होतं. एक वर्ष ऊस चांगला उतरला आणि पाटलानं त्या इंजनाला पट्टा टाकून डायनामो जोडला. घरात चार दिवे लागले. चार दिव्यांनी हौस भागेल तर तो बन्सीलाल कसला? दिवाळीत मुंबईहून पेटीत बसून शेगडी आली.

तीन पायांचा गोल लोखंडी डबा, वर पांढऱ्या मातीची थाळी, थाळीत खाचा आणि खाचांत तारेचं वेटोळं. कळ दाबली की वेटोळं लाल व्हायचं. धूर नाही, फुंकणी नाही. आठ दिवस गाव बघायला येत होतं. पाटील आल्यागेल्याला शेगडी दाखवायचा आणि चहा मात्र चुलीवरचाच पाजायचा, कारण दुपारच्या जेवणापर्यंत पाणी सोडून झालं की इंजन दिवेलागणीपर्यंत बंद, आणि इंजन बंद की शेगडीही थंड. हे कुणी बोलून दाखवलं तर त्याला ते आवडायचं नाही.

शेगडी सांभाळायची ती घरातल्या दोन बायकांनी, पाटलीणबाई गजराबाई आणि सून दगूबाई यांनी. दगूबाई प्रकाशा या महादेवाच्या गावची, लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा धुळ्याला कचेरीत नोकरीला. पोरगी कामाला वाघ, पण एक खोड जन्माची होती, प्रत्येक गोष्टीत ‘असं का?’ विचारायची. माहेरी हिच्या प्रश्नांनी सगळ्यांनी हात टेकले होते. सासरी आल्यावर तोंड बंद झालं, डोकं काही बंद झालं नाही. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा आणि काही सांगायचं तर सासूला सांगायचं, ही घरची रीत. ती तिनं निमूटपणे पाळली.

शिमग्याच्या आसपास एकदा शेगडीवर दूध उतू गेलं. थाळी चर्र झाली, घरभर करपट वास सुटला. पुसून घेतली, पुन्हा लावली, पुन्हा लाल झाली. सगळं ठीक. आणि मग काही दिवसांनी दगूबाईनं शेगडीचा पाय धरून ती जरा सरकवली, तर कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या.

“आत्याबाई,” ती सासूला म्हणाली, “शेगडी चावस.”

गजराबाईचा हात भाजीतच थांबला. चेहरा असा उतरला की दगूला वाटलं, आता काही बोलेल. पण ती एवढंच म्हणाली, “गपचूप काम कर, बेटा.”

दगू गप्प राहणारी असती तर ही गोष्टच झाली नसती. तिनं चार दिवसांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा गजराबाईनं नाइलाजानं ते पाटलाच्या कानावर घातलं. पाटील जेवायला बसला होता. जेवताजेवताच त्यानं डावा हात लांब केला आणि चालू शेगडीच्या डब्यावर खुशाल तळवा टेकवला. काही झालं नाही.

“तापस का नही तापस?” त्यानं विचारलं.

“तापस,” गजराबाई म्हणाली.

“मंग बिघडनी कोठे?”

तरी मनाची खात्री म्हणून इंजनवाल्या लोटनला बोलावणं गेलं. लोटन भला माणूस, इंजनाचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखायचा. स्वयंपाकघरात परक्या पुरुषानं यायचं नाही, म्हणून तो चपला बाहेर काढून उंबरठ्यावर उभा राहिला, तिथूनच वाकला आणि शेगडीला हात लावला. एकदा लावला, दोनदा लावला. “माल चांगला शे,” तो म्हणाला. “हात लाई देखा, काहीच नही.”

“बायास्ना भास शेतस,” पाटलानं निकाल दिला. दगूला त्या शब्दांचा असा राग आला की तिच्या हातची त्या दिवशीची भाकरी जाडच झाली.

पुढच्या सोमवारी जे झालं ते मात्र रागावण्यासारखं नव्हतं, घाबरण्यासारखं होतं. ओल्या हातानं तिनं शेगडीचा पाय मुठीत धरला आणि मूठ उघडेना. ओरडावं म्हटलं तर आवाज फुटेना. कशी कोण जाणे, ती मागे कलंडली आणि तिच्या वजनानं हात सुटला. हातावर वळ नव्हता, भाजलं नव्हतं, दाखवायला काहीच नव्हतं. शेगडी आपली लाल होऊन वरण शिजवत होती.

दुसऱ्यांदा तक्रार गेली तेव्हा पाटलाचा आवाज ओसरीवरून घरात आला. तो सुनेशी बोलत नव्हता, भिंतीशी बोलत होता, पण ऐकायचं सुनेनंच होतं. घरात काम नको झालं असेल तर सरळ सांगावं. मुंबईच्या वस्तूला नावं ठेवू नयेत. आणखी एकदा ही कटकट कानावर आली तर प्रकाशाला तिच्या भावाला कागद जाईल, येऊन बहिणीला घेऊन जा म्हणून.

दगू धास्तावली. असल्या कारणानं माहेरी धाडलेली सून गावाच्या जिभेवर जन्मभर राहते. वाईट याचं वाटलं की सासू एक शब्द बोलली नाही. गजराबाई तशी प्रेमळ बाई. पण शेगडीचा विषय निघाला की खाली मान घालून बसायची. आणि दगूच्या लक्षात आलं होतं की सासू शेगडीला कधीच नुसता हात लावत नाही, पदराची चौपदरी घडी करूनच लावते. सोमवारी तर शेगडीकडे फिरकतच नाही. शिमग्यापासून तिनं सोमवारचा कडक उपास धरला होता, पाणीसुद्धा दिवस मावळल्यावर.

तक्रार करायची सोय उरली नाही, पण बघायला कुणाची मनाई होती? दगूनं फडताळात दोन वाट्या ठेवल्या. रोज सकाळी शेगडीला बोटाची उलटी बाजू लावायची, म्हणजे झटका बसला तर हात आपसूक मागे येतो. चावली तर पहिल्या वाटीत तुरीचा दाणा, नाही चावली तर दुसऱ्या वाटीत. तीन आठवड्यांत गंमत दिसली. शेगडी सोमवारी कडकडून चावायची, मंगळवारी जरा कमी, आणि बुधवारपासून रविवारपर्यंत गाईसारखी गरीब.

लोखंडाला वार कळतो? दगूला हसू आलं आणि मग हसू थांबलं. सोमवारी असं घरात वेगळं काय असतं? सोमवारी तीच भल्या पहाटे उठून स्वयंपाकघर शेणानं सारवायची. मंगळवारपर्यंत भुई ओलसर, बुधवारी खडखडीत. म्हणजे शेगडीला वार कळत नव्हता, ओल कळत होती.

एवढं सापडल्यावर दुसरी कुणी खूश झाली असती. दगूला नवीन किडा चावला. आबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जेवताना हात लावला तो दिवस तर सोमवारच होता! मग आबांना ती का नाही चावली? पुरुषांना का सोडते?

याचं उत्तर तिला पायाखालीच मिळालं. पुढच्या सोमवारी सासऱ्याचं ताट करायचं म्हणून तिनं पाट मांडला, त्यावर पाय देऊन पलीकडचा तांब्या घेतला आणि तोल सावरताना हात शेगडीच्या डब्यावर पडला. काही नाही! ओली भुई, चालू शेगडी, आणि काही नाही. ती तशीच पाटावर उभी राहिली. मग हळूच एक पाय खाली सारवणावर टेकवला आणि बोट लावलं. झण्णकन् कळ गेली. पाय वर घेतला, बोट लावलं. शांत. खाली, वर, खाली, वर. डाळ करपली तेव्हा ती भानावर आली.

पाट सागवानी. लोटन उभा होता तो उंबरठाही सागवानी. बायकांना मात्र पाट नसतो. त्या आपल्या भुईवरच.

विहीर मळ्यात, आणि न्याहारी पोचवायचं काम तिचं. पट्टा घसरू नये म्हणून लोटन त्याला राळ लावत होता. नवरा त्याला भाऊ म्हणायचा, म्हणजे तो तिचा दीरच, त्यामुळे त्याच्याशी बोलायला हरकत नव्हती.

“लोटनभाऊ, वीज कशी येस?”

“एक तारमाईन येस, दुसरी तारमाईन परत जास.”

“आन् ही तिसरी तार?” डायनामोपासून निघून एक तार विहिरीच्या लोखंडी नळाला आवळलेली होती.

“ती दुसरीच तारले जोडेल शे. आभाळमातली वीज पडनी, तर जमीनमा जावाले.”

दगूनं नळाकडे पाहिलं. नळ विहिरीत, विहीर जमिनीत, आणि तीच जमीन पुढे घराखाली.

“मंग जमीन बी तारच व्हयनी ना, भाऊ?”

लोटनच्या हातातली राळ तशीच राहिली. तो विहिरीकडे बघू लागला, मग घराकडे, मग स्वतःच्या पायांकडे. “वहिनी,” तो म्हणाला, “त्या दिन मी उंबरठावर उभा व्हतू.” तो पाटलाशी बोलायला निघालाच होता, पण तिनं त्याला थांबवलं. शब्दानं शब्द वाढेल आणि कागद प्रकाशाला जाईल. आबांना कळायचं तर बोटालाच कळलं पाहिजे. तिनं त्याच्याकडून फक्त एवढं कबूल करून घेतलं की सोमवारी जेवणाच्या वेळी तो ओसरीवर हजर राहील.

सोमवार उजाडला. दगूनं सारवलं, पण सासऱ्याच्या जागेवर हात पातळ फिरवला, म्हणजे ती जागा दुपारपर्यंत अर्धी सुकेल. ताट वाढायच्या आधी तिथं अनवाणी उभी राहून स्वतः बोट लावून पाहिलं. मुंगी चावावी इतकंच. पुन्हा एकदा पाहिलं. म्हाताऱ्या माणसाला इतकं चालेल, असं तिनं ठरवलं. मग तिनं सासऱ्याचा पाट उचलला, शेगडीसमोर टाकला आणि पदर ओढून स्वतः त्यावर बसली.

पाटील हातपाय धुऊन आत आला. ताट आहे, पाट नाही. पाट आहे तो सुनेखाली.

घरात अशी गोष्ट कधी झाली नव्हती. गजराबाई लगबगीनं उठली, “अवं, ऊठ, ऊठ,” म्हणत तिनं सुनेचा दंड धरला. दगूनं दंड सोडवून घेतला, पण उठली नाही. तिनं सगळ्यांना दिसेल असा हात चालू शेगडीच्या डब्यावर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

“आत्याबाई, आबास्ले सांगा,” ती म्हणाली, “आज पाट नही. भुईवर उभं राहीसन शेगडीले उलटं बोट लावा. एकच डाव. मंग खुशाल कागद टाका.”

पाटलाच्या कपाळाची शीर तटतटली. क्षणभर वाटलं, आता ताट उडणार. पण माणूस यंत्राचा हौशी होता, आणि हौशी माणसाला ‘बघ’ म्हटलं की बघितल्याशिवाय राहवत नाही. तो वाकला. बोटाची उलटी बाजू लावली आणि असा हात ओढला की तांब्या लवंडला.

 पाटलानं बोटाकडे पाहिलं. मग पुन्हा वाकला आणि पुन्हा लावलं. पुन्हा हात मागे आला. तिसऱ्यांदा लावणार, तोच ओसरीवरून लोटननं न राहवून हाक दिली, “आबा, बस करा!” आणि इंजन बंद करायला पळाला.

“किती दिनफाईन?” पाटलानं विचारलं. भिंतीला नाही, सुनेला.

उत्तर सुनेनं दिलं नाही. गजराबाई खाली बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“शिमगाफाईन,” ती म्हणाली. “पहिले माले चावनी. सोमवारनी चावनी. दुसरा सोमवारनी बी चावनी. तुम्ही हात लावा तं काहीच नही. लोटन हात लावस तं काहीच नही. माले वाटनं, मन्हामाच काही खोट शे. प्रकाशाना महादेव मन्हावर कोपना. म्हनीसन उपास धरा. मंग हाई पोर बोलनी, तिले बी चावस, तवय मन्हा जीवच गया. मन्हं पाप पोरना अंगवर गयं, आसं वाटनं. कोन्या तोंडघाई बोलू?”

दगू पाटावरून उठली आणि सासूला बिलगली. इतके दिवस सासूवर धरलेला राग तिला आता स्वतःचाच लाजिरवाणा वाटला.

लोटननं शेगडी ओट्यावर नेऊन पालथी केली आणि उघडली. मातीच्या थाळीला केसाएवढी चीर होती, दूध उतू गेल्याची. चिरेतून वेटोळ्याचा एक फेरा खाली लोंबून लोखंडी बुडाला टेकला होता. तार तुटली नव्हती, म्हणून शेगडी तापत होती. पाटलानं तो लोंबता फेरा बोटानं उचलून पाहिला. तापते म्हणजे धड आहे, हे त्याचंच वाक्य होतं, आणि ते आठवून त्याच्या जिवाला चरका बसला.

पुढे मुंबईहून नवी थाळी आली. लोटननं एक छोटा दिवा शेगडीच्या डब्याला जोडला आणि त्याची दुसरी तार जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईला. जुन्या थाळीवर लावून पाहिलं तर दिवा मिणमिणता पेटला. नवीवर पेटला नाही. पेटला की कळ बंद करायची, बोट लावत बसायचं नाही. सोमवारी सारवून झालं की दगू आधी त्या दिव्याकडे बघायची आणि लोटन भेटला की विचारायची, जमिनीत गेलेली वीज वाटेत दमत कशी नाही? लोटनला ते अजून सांगता आलेलं नाही.

पण त्या सोमवारचं राहिलंच. शेगडी उघडून झाली, ताट निवून गेलं होतं. पाटील आत आला. त्यानं पाट उचलला, गजराबाईपुढे टाकला आणि आपलंच ताट तिच्यासमोर सरकवलं.

“जेव,” तो म्हणाला. “तुन्हामा काही खोट नव्हती.”

गजराबाई पाटावर बसेना. पाटलानं तिचा हात धरून बसवलं आणि स्वतः समोर ओल्या भुईवर बसला.